मामांच्या कपाटातले लॉर्डसाहेब

गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर पुन्हा तोच विषय निघाला. एका काकांनी लिहिलं, "काही म्हणा, इंग्रजांचं राज्य वाईट होतं, पण न्याय चोख. खाली मुंबईत काय व्हायचं ते होवो, वर लंडनला गेलं की गोरा-काळा बघत नसत." खाली पटापट सात अंगठे. मी तिथेच उत्तर लिहायला घेतलं आणि ते मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं, म्हणून इथे आणून टाकतोय. काका, हे तुमच्यासाठीच. (वाचून झालं की फोन करा, ग्रुपवर नको.)

आमचे मामा तालुक्याच्या कोर्टात वकिली करायचे. त्यांच्या काचेच्या कपाटात 'हॅल्सबरीज लॉज ऑफ इंग्लंड'चे काही जाडजूड खंड होते. संच पूर्ण नव्हताच, कुठल्यातरी जुन्या वकिलाकडून घेतलेले मधलेअधले खंड. आजी जसं "पोथीत आहे" म्हणायची तसं मामा "हॅल्सबरीत आहे" म्हणायचे, आणि मग वाद संपायचा. हॅल्सबरी हा एक माणूस होता, एका पक्षाचा माणूस होता, हे मला फार उशिरा कळलं. त्याच्या नावाने निघालेले पहिल्या आवृत्तीचे ३१ खंड १९०७ ते १९१७ या काळात आले. लिहिले इतरांनी, आणि पाठीवर नाव साहेबांचं.

तर हा हार्डिंग जिफर्ड, जन्म १८२३. वडील लंडनच्या 'स्टँडर्ड' या कट्टर टोरी वर्तमानपत्राचे पहिले संपादक. म्हणजे संपादकाचाच मुलगा, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. ऑक्सफर्डला चौथ्या वर्गात पास (हे वाचून मला त्याच्याबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली). १८५० साली बॅरिस्टर. ओल्ड बेलीत आणि वेल्सच्या सर्किटवर फौजदारी खटले लढवून नाव कमावलं. वकील म्हणून माणूस पक्का होता, त्याबद्दल वाद नाही.

पण त्याची अशिलं बघा. १८६५ मध्ये जमैकात मोरंट बे इथे दंगा झाला. गव्हर्नर आयरने लष्करी कायदा पुकारला, चारशेच्या वर माणसं मारली गेली, शेकडोंना फटके बसले. जॉर्ज विल्यम गॉर्डन या तिथल्या विधिमंडळाच्या सदस्याला लष्करी कायदा नसलेल्या किंग्स्टनमधून उचलून तो कायदा असलेल्या भागात नेलं आणि फाशी दिली. आयरवर खुनाचा खटला व्हावा म्हणून १८६७ मध्ये मार्केट ड्रेटन या लहानशा गावी दंडाधिकाऱ्यांपुढे सुनावणी झाली. आयरच्या बाजूने आमचे जिफर्डसाहेब, आणि आयर सुटला. आता गंमत ऐका. समोरच्या बाजूला उभा होता जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. हाच स्टीफन पुढे व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य म्हणून कलकत्त्याला आला, आणि १८७० साली त्याने आपल्या दंडविधानात राजद्रोहाचं कलम १२४-अ घातलं. त्या गावच्या कोर्टात भांडलेल्या दोघांपैकी एकाने आपल्यासाठी फास वळला आणि दुसऱ्याने सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांनी त्याची गाठ पक्की केली.

मधला भाग भराभर सांगतो. १८७५ मध्ये डिझरायलीने त्याला सॉलिसिटर जनरल केलं. तेव्हा त्याच्याकडे पार्लमेंटची जागासुद्धा नव्हती, ती मिळाली १८७७ मध्ये. त्याच वर्षी संततिनियमनावरचं एक पुस्तक छापलं म्हणून चार्ल्स ब्रॅडलॉ आणि ॲनी बेझंट यांच्यावर खटला झाला, त्यात सरकारी पक्षाचा मुख्य वकील हाच. ब्रॅडलॉ १८८९ च्या मुंबई काँग्रेसला आले होते आणि बेझंटबाईंनी पुढे टिळकांच्या जोडीने होमरूलची चळवळ केली. आपल्या बाजूची माणसं याच्या वाट्याला वारंवार आली, असं दिसतं.

१८८५ मध्ये तो लॉर्ड चॅन्सेलर झाला. मधले खंड वगळून एकूण सुमारे १७ वर्षं ते पद त्याच्याकडे होतं, थेट १९०५ पर्यंत. आणि काका, तुमचा "चोख न्याय" इथेच अडकतो. लॉर्ड चॅन्सेलर म्हणजे नुसता न्यायाधीश नव्हे. तो देशाचा सर्वोच्च न्यायाधीश, लॉर्ड्सच्या सभागृहाचा अध्यक्ष आणि वर मंत्रिमंडळाचा सदस्य. सकाळी मंत्रिमंडळात बसायचं आणि दुपारी न्यायासनावर! ही तीन टोप्यांची व्यवस्था इंग्लंडने स्वतः २००५ चा कायदा करून मोडली. चोख असती तर मोडली असती का?

आता १८९७ चं वर्ष. रँडचा खून झाला, 'केसरी'तल्या लेखनाबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला. मुंबई हायकोर्टात न्या. स्ट्रॅची. ज्यूरी नऊ जणांची, सहा युरोपियन आणि तीन हिंदी. निकाल सहा विरुद्ध तीन, बरोबर त्याच रेषेवर. अठरा महिने सक्तमजुरी. (जामीन मिळवून देणारे बॅरिस्टर होते दावर. होय, १९०८ मध्ये न्यायासनावरून सहा वर्षं ठोकणारे तेच दावर. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

स्ट्रॅचीने ज्यूरीला काय सांगितलं हे आपण शाळेत शिकतो. सरकारबद्दल अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. म्हणजे ज्याचं सरकारवर प्रेम नाही तो गुन्हेगार! कलमात सरकारच्या कामावर टीका करण्याची मुभा स्पष्ट लिहिलेली होती. या अर्थाने ती मुभा कागदावरच राहिली. हेच मांडायला टिळकांच्या वतीने लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे उभा राहिला ॲस्क्विथ, जो पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झाला. आणि समोर अध्यक्षस्थानी कोण? लॉर्ड हॅल्सबरी, संपादकाचे चिरंजीव. ज्या मंत्रिमंडळात हिंदुस्थानचा मंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन बसत होता, त्याच मंत्रिमंडळाचा सदस्य. अपिलाची परवानगी नाकारली. कारण असं की, स्ट्रॅचीचं भाषण सगळं एकत्र पाहिलं तर त्यात हस्तक्षेप करण्यासारखं काही नाही.

कोणी कायदेपंडित म्हणेल, प्रिव्ही कौन्सिल फौजदारी अपिलाचं कोर्ट नव्हतंच, फार मोठा अन्याय दिसला तरच हात घालायचं. बरोबर आहे. पण त्याच नियमाखाली १८८७ मध्ये ब्रिटिश होंडुरासमधल्या एका वकिलाची शिक्षा त्यांनी रद्द केली होती. दार होतं, उघडत होतं. कोणासाठी उघडायचं एवढाच प्रश्न.

आणि मला सगळ्यात जास्त चीड आणणारी गोष्ट पुढेच आहे. टिळकांच्या प्रकरणाच्या बरोबर एक वर्ष आधी, नोव्हेंबर १८९६ मध्ये, याच हॅल्सबरीने सॅलोमन खटल्याचा निकाल दिला. लंडनमधला एक बूट बनवणारा, त्याने आपल्याच धंद्याची कंपनी केली, भागधारक तो, बायको आणि पाच मुलं. कंपनी बुडाली. खालच्या कोर्टांनी ही बनवाबनवी ठरवली. हॅल्सबरी म्हणाला, कायद्यात सात भागधारक हवेत एवढंच लिहिलंय, जे लिहिलेलं नाही ते न्यायाधीशाने पदरचं घालू नये. उत्तम निकाल! आपल्याकडच्या कॉमर्स आणि लॉच्या प्रत्येक मुलाला तो आजही पाठ असतो. मग साहेब, "प्रीतीचा अभाव" हे शब्द १२४-अ मध्ये कुठे लिहिले होते? ते स्ट्रॅचीने पदरचे घातले तेव्हा तुमचा चष्मा कुठे गेला होता? त्याच १८९७ मध्ये कामगारांच्या ॲलन विरुद्ध फ्लड या खटल्यात आपल्या मनासारखं होत नाही असं दिसल्यावर याने फेरसुनावणी घेतली, हायकोर्टाचे आठ न्यायाधीश सल्ल्याला बोलावले, आणि तरीही हरला. मनात असलं की वेळ होता, असं म्हणायचं. त्याच वर्षी चार्ल्स डार्लिंग या आपल्या पक्षाच्या खासदाराला त्याने न्यायाधीश केलं, त्यावर 'टाइम्स'नेसुद्धा झोडपलं.

काका म्हणतील, ताईमहाराज प्रकरणात १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने टिळकांच्याच बाजूने निकाल दिला ना? दिला. पण तिथे प्रश्न दत्तक कोणाचा खरा हा होता, राज्य कोणाचं हा नव्हता.

ती गाठ किती टिकली बघा. १९४२ मध्ये आपल्या फेडरल कोर्टाने राजद्रोहाचा अर्थ सैल केला, म्हणजे सार्वजनिक शांतता बिघडण्याचा संभव हवा असं म्हटलं. तर १९४७ च्या फेब्रुवारीत, राज्य जायला सहा महिने उरले असताना, प्रिव्ही कौन्सिलने सदाशिव नारायण भालेराव यांच्या खटल्यात तो अर्थ खोडून काढला आणि टिळक खटल्याचाच आधार घेतला. १९६२ मध्ये केदारनाथ सिंग खटल्यात आपल्या सुप्रीम कोर्टाने गाठ ढिली केली, तोडली नाही. २०२२ च्या मे महिन्यात कलम स्थगित झालं. १ जुलै २०२४ पासून जुनं दंडविधानच गेलं आणि न्याय संहितेचं कलम १५२ आलं. त्यात राजद्रोह हा शब्द नाही. शब्द गेला म्हणजे काय काय गेलं, यावर वकील मंडळींनी प्रतिक्रियांत जरूर लिहावं, मला अजून पुरतं उमगलेलं नाही.

हॅल्सबरी १९११ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, लॉर्ड्सचा नकाराधिकार जाऊ नये म्हणून शेवटपर्यंत झुंजणाऱ्यांचा पुढारी होता. तिथेही हरला. समोर पंतप्रधान कोण होता? ॲस्क्विथ. डिसेंबर १९२१ मध्ये ९८ व्या वर्षी वारला. त्याच्याहून ३३ वर्षांनी लहान असलेले टिळक त्याआधी वर्षभरापूर्वीच गेले होते.

असो. मामांचे खंड त्यांच्या पश्चात कोणी नेले ते कळत नाही. तीन माझ्याकडे आहेत. बाकीचे कोणाच्या माळ्यावर असतील तर कळवा, रद्दीत देऊ नका. मी येऊन घेऊन जाईन.