‘ईसीजी नॉर्मल आहे’ म्हणजे ‘काही झालेले नाही’ असे नव्हे

रात्री अकराच्या सुमारास तिशीतला एक माणूस सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात येतो. छाती धडधडत असते, हातापायांना मुंग्या आलेल्या असतात आणि आपण आता मरणार, अशी त्याची खात्री झालेली असते. ईसीजी काढला जातो, रक्तदाब पाहिला जातो. सगळे नॉर्मल निघते. ‘काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका,’ असे सांगून त्याला घरी पाठवतात. पंधरा दिवसांनी तो पुन्हा दारात उभा असतो. दरम्यान बाहेरच्या तपासण्यांवर पदरचे पैसे गेलेले असतात आणि एसटीचा प्रवास त्याने भीतीपोटी सोडून दिलेला असतो. असे रुग्ण कोणत्याही डॉक्टरला नवे नाहीत.

छातीत दुखले तर हृदयाची तपासणी आधी व्हायलाच हवी. थायरॉइडचा विकार, रक्तक्षय यांतही धडधड होते. पण हे सगळे ठीक निघाल्यावर ‘काही झालेलं नाही’ म्हणणे चूक आहे. हृदयाला काही झालेले नाही, पण त्या माणसाला त्रास होतो आहे. त्या त्रासाला पॅनिक अटॅक, म्हणजे तीव्र भीतीचा झटका म्हणतात.

समोर साप दिसला की शरीरात अ‍ॅड्रेनालिन वाढते, हृदय जोरात धावते, श्वास भरभर होतो. जीव वाचवण्यासाठी शरीराने केलेली ही सोय आहे. चिंताविकारात साप नसतानाही हीच यंत्रणा सुरू होते. भरभर श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन मुंग्या येतात, चक्कर येते आणि त्यामुळे भीती आणखी वाढते. झटका बहुधा दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग आपोआप ओसरतो.

भयगंडात, म्हणजे फोबियात, भीती एका ठरावीक गोष्टीला चिकटते. कुणाला लिफ्टची, कुणाला कुत्र्याची, कुणाला चारचौघांत बोलण्याची भीती वाटते. लिफ्ट टाळून जिना चढला की लगेच हायसे वाटते. मेंदू त्यातून एवढेच शिकतो, की ‘टाळलं म्हणून वाचलो.’ अशी प्रत्येक टाळाटाळ भीतीला खतपाणी घालते आणि माणसाचे जग आक्रसत जाते.

समुपदेशन नेमके इथे उपयोगी पडते. या शब्दात ‘उपदेश’ असला, तरी ‘मन खंबीर कर’ असा उपदेश तिथे कुणी करत नाही. 1924 मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलावरील उपचारांची नोंद प्रसिद्ध केली. मूल आवडीचा खाऊ खात असताना सशाचा पिंजरा हळूहळू जवळ आणला गेला. शेवटी मूल सशाला हात लावू लागले. आजचे उपचारही याच वाटेने जातात. लिफ्टची भीती असेल, तर आधी नुसते दारापाशी उभे राहायचे, मग सोबत कुणी असताना एक मजला, मग एकट्याने. प्रत्येक पायरीवर भीती ओसरेपर्यंत थांबायचे, पळ काढायचा नाही. रक्त किंवा इंजेक्शन पाहून भोवळ येणाऱ्यांचा प्रकार थोडा वेगळा. त्यांचा रक्तदाब एकदम खाली येतो. म्हणून त्यांना हातापायांचे स्नायू ताणून धरायला शिकवतात.

काहींना औषधेही लागतात, ती लागू पडायला काही आठवडे जातात. मात्र झोपेच्या गोळ्यांची जुनी चिठ्ठी दाखवून त्या पुन्हा पुन्हा घेत राहणे धोक्याचे. त्यांची सवय जडते.

उपचार आहेत, पण रुग्ण तिथवर पोहोचत नाही. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक विकारांचे 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांविना असल्याचे दिसले. लोकलज्जा हे त्याचे एक कारण. पण वाट न दाखवणारी आरोग्यव्यवस्थाही तितकीच जबाबदार आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 पासून आहे. 2022 पासून ‘टेलि-मानस’च्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते, मराठीतही. तरीही अपघात विभागातून घरी जाणाऱ्याच्या हातातील कागदावर यातले काहीच लिहिलेले नसते.

यासाठी नवी इमारत लागत नाही की नवा निधी. ‘हृदय ठीक आहे. हा भीतीचा झटका आहे, तो बरा होतो. मानसोपचार विभागात दाखवा,’ एवढे त्या कागदावर लिहायला अर्धा मिनिट पुरेल. ते अर्धे मिनिट प्रत्येक रुग्णालयाने द्यावे. आणि घरच्यांनीही ‘नाटकं करतोस’ म्हणण्याऐवजी पहिल्या भेटीला त्याच्या सोबत जावे.