थिएटर अकॅडमी: समूहातून वाढलेली संस्था

पुण्याची थिएटर अकॅडमी जन्माला आली ती एका नाटकासाठी. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ डिसेंबर 1972 मध्ये रंगमंचावर आणले. वाद उसळला आणि थोड्याच प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवले. जब्बार पटेल, मोहन आगाशे, सतीश आळेकर आदी तरुण रंगकर्मी बाहेर पडले आणि 1973 मध्ये त्यांनी स्वतःची संस्था काढली. ‘घाशीराम’ पुन्हा उभे राहिले.

या नाटकाची घडणच समूहाची आहे. ओळीने उभे राहणारे ब्राह्मण कधी पडदा होतात, कधी भिंत, कधी जमाव. गातात, नाचतात आणि कथाही पुढे नेतात. भास्कर चंदावरकरांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांचे नृत्य या रांगेशिवाय उभेच राहू शकत नाही. एखादा गैरहजर राहिला तरी सगळी आकृती मोडते. तालमीची शिस्त संस्थेच्या अंगात मुरली ती इथेच, आणि तिच्या वाढीचे खरे श्रेय कोणा एका नटापेक्षा या रांगेलाच द्यावे लागेल.

पुढे संस्थेला आपल्यातलाच नाटककार मिळाला. आळेकरांचे ‘महानिर्वाण’ 1974 मध्ये आले; कीर्तनाच्या ढंगात मृत भाऊराव स्वतःचेच मरण सांगू लागले. पु. ल. देशपांडे यांचे ‘तीन पैशाचा तमाशा’ 1978 मध्ये, तर आळेकरांचेच ‘बेगम बर्वे’ 1979 मध्ये रंगमंचावर आले. ज्या ‘घाशीराम’वर घरच्याच संस्थेने पडदा पाडला होता, त्याचे प्रयोग 1980 मध्ये युरोपात झाले.