गळाच्या माशांची मोजदाद

हार्बर मार्गावरील रे रोड स्थानकातून पूर्वेला गेले, की दारुखान्यातील जहाजतोडणीचे भूखंड आणि बंदराच्या भिंती लागतात. दक्षिणेस भाऊचा धक्का, उत्तरेस शिवडीची दलदल. जेमतेम काही किलोमीटरच्या या पट्ट्यात मासळीच्या मोजणीतील एक मोठी विसंगती दिसते. भाऊच्या धक्क्यावर मच्छीमार नौकांतून उतरणाऱ्या मासळीची केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्था नमुना पद्धतीने नोंद ठेवते. हौसेने गळ टाकून बसणाऱ्याच्या हाती काय लागले, हे मात्र त्या आकड्यांत येत नाही.

ही पकड ट्रॉलरच्या तुलनेत नगण्य असते, हे खरे. (शिवाय मुंबईत हौस आणि पोट यांच्यातील रेषाही पुसटच आहे, गळाचा मासा बहुधा घरच्या कढईतच जातो.) पण तिचे मोल वजनात नाही. ट्रॉलर खुल्या समुद्रात जाळी ओढतात. गळ पडतो तो खाडीच्या मुखाशी, खडकांजवळ आणि धक्क्यांच्या पायथ्याशी. जिताडा, बोय, शिंगाळा, तांब यांची पिल्ले वाढतात ती अशाच उथळ, मचूळ पाण्यात. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात यांत्रिक नौका किनाऱ्याला लागलेल्या असतात, तेव्हा तर गळाची नोंद अधिकच मोलाची ठरते. राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी किमान कायदेशीर आकारमान ठरवून दिले. असे नियम तपासायचे तर माशांच्या लांबीची माहिती सातत्याने हवी, आणि पट्टी लावून फोटो काढणे हौशी माणसाला अवघड नाही.

अशा नोंदींतून काय हाती लागते, याचे बोलके उदाहरण अमेरिकेतील आहे. फ्लॉरिडातील की वेस्ट बंदरात हौशी मासेमार दिवसातील सर्वांत मोठे मासे टांगून फोटो काढून घेत. लॉरेन मॅक्लेनाकन या संशोधिकेने १९५६ ते २००७ या काळातील असे फोटो तपासले आणि २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. टांगलेल्या माशाचे सरासरी वजन १९.९ किलोवरून २.३ किलोवर आले होते. फोटोतील चेहऱ्यांवरचे हसू मात्र तेवढेच! समुद्र रिकामा होत असताना त्याची जाणीव पिढीगणिक कशी बोथट होते, हे त्या फोटोंनी दाखवले. अमेरिकेत १९६२ पासून शार्कना खुणेची पट्टी लावून सोडण्याचा सरकारी कार्यक्रम चालतो, तोही मोठ्या प्रमाणात हौशी मासेमारांच्या बळावर.

आपल्याकडे साधनांची वानवा नाही. याच संस्थेचे ‘मार्लिन’ हे मोबाइल ॲप नागरिकांकडून माशांचे फोटो स्थाननोंदीसह स्वीकारते. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमाने २०१७ पासून भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील जीवांची नोंद सामान्य मुंबईकरांच्या मदतीने केली. अडचण आहे ती दोन ठिकाणी.

पहिली सवयीची. फोटो निघतो तो मोठ्या माशाचा. शास्त्रज्ञांना मात्र किती तास गळ पाण्यात होता आणि किती वेळा हात हलवत परतावे लागले, हेही हवे असते. रिकाम्या दिवसाची नोंद नसेल, तर मासे कमी झाले की गळ टाकणारे कमी झाले, हे ठरवता येत नाही.

दुसरी अडचण कायद्याची, आणि ती अधिक गंभीर. वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या अनुसूचीत २००१ मध्ये व्हेल शार्क, करवत मासा व काही पाकटांचा समावेश झाला. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ही यादी वाढली. प्राणी पकडणे हेही कायद्याच्या लेखी शिकारीत मोडते. म्हणजे दुर्मीळ पाकट चुकून गळाला लागले आणि ते जिवंत सोडले, तरी त्याचा फोटो पाठवणे हा स्वतःविरुद्ध पुरावा देण्याचा प्रकार वाटू शकतो. संरक्षणाला ज्या नोंदीची सर्वाधिक गरज, तीच दडून राहते.

व्यावसायिक मच्छीमारांबाबत महाराष्ट्राने हा तिढा शहाणपणाने सोडवला आहे. २०१८ मध्ये वन आणि मत्स्यव्यवसाय विभागांनी आणलेल्या योजनेत, जाळे कापून संरक्षित प्राणी सोडणाऱ्याला फोटो किंवा चित्रफितीच्या आधारे २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. फोटो गुन्ह्याचा पुरावा न राहता हक्काचा कागद झाला. हौशी गळवाल्याकडे जाळेच नसते, त्यामुळे भरपाईचा प्रश्न नाही. त्याला हवी ती एवढीच लेखी हमी, की सद्भावनेने सोडलेल्या प्राण्याची नोंद त्याच्यावर उलटणार नाही. कांदळवन कक्षाच्या पुढाकाराने असे परिपत्रक निघू शकते. त्याला पैसाही लागणार नाही.

एक पथ्य मात्र पाळावे लागेल. शिवडीच्या दलदलीलगत अमुक ठिकाणी मोठा जिताडा लागला असे नकाशावर जाहीर झाले, तर दुसऱ्या ओहोटीला तिथे दहा गळ पडतील, आणि पिढ्यानपिढ्या ती जागा राखणारे कोळी अशा उपक्रमाकडे संशयाने पाहतील. नेमके स्थान संशोधकांपुरते आणि नकाशावर केवळ ढोबळ पट्टा, ही अट पहिल्या दिवसापासूनच घालावी लागेल.