झाळण्याचें जुनें हत्यार

आर्वीसारख्या गांवांत माळ्यावरची अडगळ काढावयास बसलें म्हणजे समया, अडकित्ते, तागड्या यांच्यासमवेत एखादें असें हत्यार हातीं येतें, कीं ज्याचें नांव घरांतील तरुण मंडळींस सांगतां येत नाहीं. लांकडी मूठ, वीतभर लोखंडी दांडी आणि टोंकास तांब्याचा निमुळता ठोकळा. हें झाळकामाचें, म्हणजे डाख देण्याचें हत्यार होय. भंगारवाला तें तोलून नेतो. परंतु तोलण्यापूर्वीं वाचकांनीं तें ओळखावें, अशी आमची विनंती आहे.

पहिली खूण तांब्याची. तांबें लोखंडापेक्षां सुमारें पांचपट वेगानें उष्णता वाहून नेतें. म्हणून दांडी लोखंडाची असली तरी काम करणारें अंग तांब्याचेंच असतें. दुसरी खूण टोंकावरील पांढुरक्या कथलाची. तें असेल तर हत्यार पुष्कळ राबलेलें आहे, असें समजावें. कारागीर तें शेगडींत तापवी, नवसागरावर घांशी आणि मग डाखास लावी. कथील २३२ अंशांवर वितळतें, शिसें ३२७ अंशांवर. परंतु ६३ भाग कथील व ३७ भाग शिसें एकत्र केल्यास तें मिश्रण १८३ अंशांवरच पातळ होतें. दोन हट्टी स्वभाव एकत्र आल्यावर मऊ व्हावेत, हें संसारांत क्वचित् घडतें, धातूंत मात्र घडतें!

तिसरा प्रकार विजेचा. जर्मनींत एर्न्स्ट साक्स यांनीं १९२१ सालीं अशा हत्यारांचा कारखाना काढला. आपल्याकडे नागपूरचें आकाशवाणी केंद्र १९४८ सालीं सुरू झालें; रेडिओ दुरुस्त करणाराच्या मेजावर हें हत्यार असावयाचेंच. सुती वेष्टणाची तार व आंत अभ्रकाचे पातळ पापुद्रे ही जुनेपणाची खूण. अशी तार जीर्ण झालेली असते. म्हणून हत्यार चालतें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं तें विजेस जोडूं नये.

ही विद्या आपणांस परकी नव्हे. छांदोग्योपनिषदाच्या चवथ्या अध्यायांत यज्ञांतील न्यून भरून काढण्यास धातु सांधण्याचाच दृष्टांत घेतला आहे. आपल्या जिल्ह्यापुरतें बोलावयाचें, तर १९३४ सालीं स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघानें वर्ध्याच्या मगनवाडींत वनस्पतितेलावर जळणारा 'मगनदीप' प्रचारांत आणला. पत्र्याच्या दिव्याचे सांधे गळूं लागले, कीं झाळणारा आठवे.

एक गोष्ट मात्र गृहिणींनीं ध्यानांत धरावी. जुन्या डाखांत शिसें असतें. ताक, चिंच, आमसूल यांसारख्या आंबट पदार्थांत तें उतरतें, आणि लहान मुलांच्या मेंदूस त्याची अल्प मात्राही बाधते. म्हणून जुना डाख दिलेला तांब्या वा पातेलें शोभेस ठेवावें; त्यांतून पिऊं नये, त्यांत शिजवूं नये. कल्हईवाल्याकडून शुद्ध कथलाचीच कल्हई करून घ्यावी. हत्यारही मुलांच्या खेळण्यांत देऊं नये, आणि हाताळल्यावर हात धुवावे.

मग तें भंगारांत कां देऊं नये? पितळी समई पाहतांच तिचा उपयोग कळतो. या ठोकळ्याचा कळत नाहीं. घरांतील वडील मंडळी आहेत तोंवर त्यांस विचारून घ्यावें, आणि हें कोणाचें, यानें काय काय झाळलें, एवढें एका चिठ्ठीवर लिहून ती मुठीस बांधावी. पुढें विचारावयास कोणी उरलें नाहीं, तरी वाचावयास कांहीं उरेल.