टीव्हीवर फोल्डर रिकामे का दिसते?

भिवंडीच्या निजामपुऱ्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या मुलाने अडगळीत पडलेला जुना संगणक पुसून-झाडून त्यावर उबुंटू चढवले, वर जेलीफिन हा मोफत प्रोग्राम बसवला आणि बैठकीतल्या टीव्हीशी जोडला. बाहेरच्या हार्ड डिस्कवर घराचा सारा ठेवा आहे. व्हीएचएस कॅसेटवरून उतरवलेला निकाह, मरहूम सासऱ्यांनी नातवंडांना सांगितलेल्या गोष्टी, हजहून परतलेल्या दादींचे स्वागत, नणंदेच्या मेंदीच्या रात्रीचे बायकांचे चित्रण. संगणकासमोर बसले की सगळे दिसते. टीव्हीवर मात्र फोल्डर रिकामे.

शेजारच्या एका हुशार मुलाने येऊन एक ओळ टाइप केली. तिच्यात ७७७ हा आकडा होता. टीव्ही लगेच सुरू झाला, चहापाणी झाले, मुलगा गेला. पुढे ईदला पाहुणे आले, त्यांच्या पोरांनी वायफायचा पासवर्ड मागितला आणि एकाने मोबाईलमधून सहज फोल्डर उघडला. मेंदीचे चित्रण पुरुषांच्या बैठकीत वाजू लागले. भगिनी विचारतात की बंद केले तर टीव्ही बंद, उघडले तर सारे घर उघडे. या दोहोंच्या मधले काही नसते का?

असते. या वेळचे पान आम्ही त्यालाच देत आहोत. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजीच्या लहान अक्षरांत कराव्यात. जिथे मोठे अक्षर हवे तिथे तसे सांगू.

सगळा घोळ एका समजुतीतून होतो. आपल्याला फाईल दिसते म्हणजे टीव्हीलाही दिसेल, असे आपण धरून चालतो. पण टीव्हीला फाईल आपण देत नाही, जेलीफिन देतो. आणि जेलीफिन आपल्या नावाने काम करत नाही. उबुंटूवर तो बसवला जातो तेव्हा 'जेलीफिन' याच नावाचे एक वेगळे खाते तयार होते. संगणकाच्या लेखी तो घरातला आणखी एक माणूस, आणि तोही नवखा. अब्बांच्या कपाटाला त्याने हात लावावा की नाही, हे कुणी सांगितलेले नसते. म्हणून तो दारातून परत फिरतो आणि टीव्हीवर रिकामे फोल्डर दिसते.

ही शिस्त जुनी आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून युनिक्स घडवले. त्याच्या १९७१ च्या पहिल्या माहितीपुस्तिकेतही प्रत्येक फाईलला मालक होता, आणि मालकाला काय करता येईल, इतरांना काय, हे वेगळे लिहिलेले होते. गटाची सोय पुढे आली. एकाच मोठ्या यंत्रावर अनेक माणसे काम करत, म्हणून ही गरज. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेल्या लिनक्सने हाच वारसा घेतला आणि तो आता निजामपुऱ्यातल्या जुन्या संगणकापर्यंत आला आहे.

भिवंडीकरांना हे समजायला जड जाऊ नये. आपल्याकडे जॉबवर्कच्या कारखान्यात सूत व्यापाऱ्याचे असते, लूम दुसऱ्याचे, आणि विणणारा तिसराच. कुणी कशाला हात लावायचा हे सगळ्यांना ठाऊक असते. फाईलचेही तीन प्रकारचे लोक: मालक, गट आणि इतर. प्रत्येकाला तीन परवानग्या देता येतात. वाचणे म्हणजे ४, लिहिणे म्हणजे २, चालवणे म्हणजे १. बेरीज करायची. ७ म्हणजे सगळे. ५ म्हणजे वाचणे आणि चालवणे. शून्य म्हणजे काहीच नाही. पहिला आकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा इतरांचा.

फोल्डरच्या बाबतीत मात्र या शब्दांचे अर्थ बदलतात, आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते. फोल्डर वाचणे म्हणजे कारखान्याच्या दारावरची मालाची यादी पाहणे. फोल्डर 'चालवणे' म्हणजे दारातून आत जाणे. फोल्डरवर लिहिणे म्हणजे आत माल आणणे आणि बाहेर काढणे. यादी दिसली तरी आत जाण्याची मुभा नसेल तर हाती काही लागत नाही. म्हणून सरसकट सगळ्यावर ६४० चालवणारे फसतात. फाईलला ६४० योग्य, पण फोल्डरला तोच आकडा दिला तर गटातल्यांनाच काय, खुद्द मालकालाही आत शिरता येत नाही.

आता निदान. आधी संगणक काय म्हणतो ते नीट वाचावे. 'परमिशन डिनाइड' आणि 'रीड-ओन्ली फाईल सिस्टिम' हे दोन वेगळे आजार आहेत. नवी फाईल टाकताना दुसरा संदेश आला तर परवानग्यांशी खेळण्यात काही अर्थ नाही. वीज अचानक गेली, डिस्कच्या नोंदी अर्धवट राहिल्या, की लिनक्स सावधगिरी म्हणून डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडतो. विंडोजवर वापरलेली डिस्क तिथे नीट बंद न करता काढली तरी हेच होते. तिथे डिस्कची तपासणी हा उपाय, आणि विंडोजची डिस्क असेल तर ती विंडोजवरच तपासून, नीट बंद करून आणावी. ज्या मोहल्ल्यात दिवे वरचेवर जातात तिथल्या वाचकांनी ही शक्यता पहिली पाहावी.

'परमिशन डिनाइड' असेल किंवा काही न बोलता फोल्डर रिकामे दिसत असेल, तर जेलीफिनच्या डोळ्यांनी पाहावे. 'सुडो -यू जेलीफिन एलएस' असे टाइप करून पुढे फोल्डरचा पूर्ण पत्ता द्यावा. याचा अर्थ, जेलीफिन म्हणून जा आणि काय दिसते ते सांग. यादी आली तर परवानगी ठीक आहे आणि दोष दुसरीकडे आहे. बहुधा जेलीफिनमध्ये लायब्ररीचा पत्ता चुकलेला असतो. नकार आला तर कोणत्या दाराशी अडले ते शोधायचे. त्यासाठी 'नेमआय -एल' आणि पुढे तोच पत्ता. पत्त्यातला प्रत्येक फोल्डर, त्याचा मालक, गट आणि परवानग्या ओळीने खाली उतरतात, इमारतीचा एकेक मजला उतरावा तशा. लोक शेवटच्या फोल्डरवर डोके आपटत बसतात, आणि कुलूप असते वरच्या मजल्यावर.

या घरातही तेच असावे असा आमचा कयास आहे. उबुंटूच्या पडद्यासमोर बसून डिस्क लावली की ती 'मीडिया' फोल्डरात, त्या वेळी बसलेल्या माणसाच्या नावाच्या फोल्डरखाली आपोआप जोडली जाते. तो नावाचा फोल्डर फक्त त्या माणसापुरता उघडा असतो. एलएस -एल ने पाहिले तर परवानग्यांच्या शेवटी अधिकाचे छोटे चिन्ह दिसते, ती या खास सवलतीची खूण. डिस्कवरच्या फोल्डरला काहीही आकडे दिले तरी जेलीफिन या दारातून आत येत नाही. चित्रणे स्वतःच्या होम फोल्डरात ठेवणाऱ्यांचेही तसेच. उबुंटूच्या २१.०४ आवृत्तीपासून नवे होम फोल्डर ७५० ने बनतात, म्हणजे इतरांना प्रवेश नाही. पूर्वीचा सल्ला आज का चालत नाही, त्याचे एक कारण हे.

तेव्हा डिस्कला कायमची जागा द्यावी. 'एसआरव्ही' फोल्डरात 'घर' नावाचा फोल्डर करावा आणि 'एफएसटॅब' या फाईलमध्ये डिस्कच्या यूयूआयडी क्रमांकाने नोंद करावी. सोबत 'नोफेल' हा शब्द घालावा, म्हणजे डिस्क जोडलेली नसली तरी संगणक सुरू होताना अडून बसणार नाही.

पण त्याआधी डिस्कची मांडणी पाहावी. दुकानातून आणलेली डिस्क बहुधा एक्सफॅट किंवा एनटीएफएस असते. एक्सफॅटला मालक-गट ही भाषाच येत नाही, आणि एनटीएफएसला विंडोजची येते, लिनक्सची नाही. तिथे सीएचमॉड चालवले तर कधी नकार येतो, कधी मुकाट्याने काहीच होत नाही, आणि माणूस रात्रभर तीच ओळ पुन्हा पुन्हा टाइप करतो. अशा डिस्कची परवानगी जोडतानाच, एफएसटॅबच्या ओळीत युआयडी, जीआयडी आणि युमास्क लिहून ठरवावी लागते. आणि ती साऱ्या डिस्कला एकच लागते. घरच्या सर्व्हरवर कायम राहणार असेल तर डिस्क ईएक्सटी४ मध्येच मांडावी हे आमचे मत. मांडणी बदलताना डिस्क पूर्ण पुसली जाते. आधी सगळे दुसरीकडे उतरवून, दोन-चार फाईल उघडून पाहून मगच हात घालावा.

ईएक्सटी४ झाल्यावर मधला मार्ग सोपा. 'सुडो ग्रुपअ‍ॅड घर' ने एक गट करावा. 'सुडो युजरमॉड -एजी घर जेलीफिन' ने जेलीफिनला त्यात घ्यावे. इथे जी मोठी, आणि तिच्या आधीची छोटी ए विसरू नये. ती राहिली तर माणूस नव्या गटात येतो आणि जुन्या सगळ्या गटांतून बाहेर पडतो. स्वतःच्या नावावर अशी चूक केली तर सुडोचा हक्कच जातो. फोल्डरांचा मालक घरातला जबाबदार माणूस, गट 'घर'. फोल्डरला २७५०, फाईलला ६४०. पुढचा २ असा की आत बनणारी नवी फाईल आपोआप 'घर' गटाची होते. मग जेलीफिन पुन्हा सुरू करावा, कारण चालू असलेल्या प्रोग्रामला नवा गट कळत नाही. एवढे करूनही एखादी नवी फाईल टीव्हीवर आली नाही, तर ती त्याच डिस्कवरून 'हलवलेली' असते. हलवलेली फाईल जुना गट घेऊनच येते, नक्कल केलेली नव्या घरची होते.

या आकड्यांत शेवटी शून्य आहे, आणि मेंदीच्या चित्रणाचा प्रश्न त्या शून्यात आहे. मुलाने मोबाईलवरून फोल्डर दिसावा म्हणून सांबा बसवले असणार आणि पाहुण्यांना पासवर्डाशिवाय येऊ दिले असणार. असा पाहुणा संगणकाच्या लेखी 'नोबडी', म्हणजे कोणीच नाही. तो 'इतर' मध्ये मोडतो. ७७७ मधला तिसरा सात त्यालाच दिलेला होता. त्या पोराला चित्रण पाहता आले, तसे पुसताही आले असते. तिसऱ्या आकड्याचे शून्य झाले की 'नोबडी' बाहेर. त्याबरोबर सांबातली पाहुण्यांची सोयही बंद करावी, आणि वायफायच्या राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळे जाळे करता येत असेल तर तेही करावे.

पुसण्याबद्दल एक गोष्ट वाचकांना नवल वाटेल अशी आहे. फाईल पुसता येणे हे फाईलच्या परवानगीवर ठरत नाही, ती ज्या फोल्डरात आहे त्यावर ठरते. सासऱ्यांच्या आवाजाची फाईल 'फक्त वाचा' अशी केली, पण फोल्डर सगळ्यांना लिहिता येणारा असेल, तर सहा वर्षांचे पोरही ती घालवू शकते. सुना-मुलांनी आपापली चित्रणे टाकावीत असा एखादा सामायिक फोल्डर हवा असेल तर त्यांनाही गटात घेऊन त्याला ३७७० द्यावे. तिथे सगळे भर घालू शकतात. दुसऱ्याची फाईल मात्र पुसता येत नाही, तो हक्क ती टाकणाऱ्याचा आणि फोल्डरच्या मालकाचा. आत नवा फोल्डर केला तर त्यालाही हा आकडा पुन्हा द्यावा लागतो, तो आपोआप उतरत नाही.

मेंदीचे चित्रण टीव्हीवर हवे, पण बायकाच बसलेल्या असताना, असेही भगिनी लिहितात. इथे फाईलची परवानगी पुरत नाही. जेलीफिन एकदा वाचू शकला की त्याच्या नजरेत सगळे सारखे. म्हणून त्या फोल्डराची जेलीफिनमध्ये वेगळी लायब्ररी करावी, एक वेगळे खाते बनवून त्याला पासवर्ड द्यावा आणि ती लायब्ररी फक्त त्या खात्याला दाखवावी. टीव्हीवर रोज चालणारे खाते व्यवस्थापकाचे असता कामा नये. कोणाला काय दिसावे हे त्याला स्वतःच बदलता येते. आणि ज्यांना वाटते की हे चित्रण टीव्हीवर कधीच नको, त्यांनी तो फोल्डर 'घर' गटातून काढून फक्त स्वतःच्या नावे ७०० करावा.

एक धोका या सगळ्याच्या बाहेर राहतो. परवानग्या पाळतो तो संगणक. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावली की तिथला मुख्य वापरकर्ता सर्व काही वाचू शकतो. पंख्यात लूमची रुई अडकून संगणक तापला, दुरुस्तीला दिला, आणि डिस्क आतच राहिली, तर ७०० काय नि ७५० काय. दुरुस्तीला देण्याआधी डिस्क काढून घरी ठेवावी. आतल्या डिस्कवरच ठेवा असेल आणि ती काढणे जमत नसेल, तर लक्स नावाची कुलूपबंद मांडणी वापरावी. तिचा पासवर्ड दिल्याशिवाय डिस्क कुठेही लावली तरी काही वाचता येत नाही. नेहमीच्या पद्धतीने ती रिकाम्या डिस्कवरच करतात, म्हणून ईएक्सटी४ करताना फाईल उतरवणारच आहात तर त्याच दिवशी करून घ्यावी. पासवर्ड विसरला तर ठेवा कायमचा गेला. तो कागदावर लिहून, घराची कागदपत्रे असतात त्या पेटीत ठेवावा, आणि घरातल्या आणखी एका माणसाला तो कागद कुठे आहे ते सांगून ठेवावे.