हौस राणीची नव्हती

संपादक महाशय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतील लेखात भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाला ‘राणीच्या हौसेचं धूळ खाणारं कपाट’ म्हटले आहे. हौस राणीची नव्हती. नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी यांनी पुढाकार घेतला, मुंबईकरांनी वर्गणी दिली. १८७२ मध्ये दारे उघडली तेव्हा नाना हयात नव्हते. संग्रहालयावरचे व्हिक्टोरिया राणीचे नावही १९७५ मध्येच उतरले. आणि धूळ? २००५ मध्ये जीर्णोद्धाराला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, तो धुळीसाठी नव्हे.

लेखातला ‘आपलं तिथं काय?’ हा प्रश्न माडीवर न चढताच विचारलेला दिसतो. तिथे जातीजमातींच्या, कारागिरांच्या वीतभर मातीच्या मूर्ती आहेत. पगड्यांचे नमुने नीट पाहा, डोक्यावरून माणसाचा धंदा ओळखण्याचे ते दिवस होते. बाहेरचा दगडी हत्ती घारापुरीचा. इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत तो पडून फुटला, पुढे सांधून इथे उभा केला.

मुले आधी पेंग्विनकडे धावतात, एवढे मान्य. पण राणीच्या बागेत पेंग्विन आणि संग्रहालय यांच्यात फारसे अंतर नाही. लेखकाने पुढच्या खेपेला तेवढे चालावे.

आपला,
एक वाचक, लालबाग