नाणेघाटांतील अंक

इतिहासाच्या सहली निघतात, भूगोलाच्याहि निघतात; परंतु गणिताची सहल सहसा कोणी काढीत नाहीं. गणित म्हणजे फळा, खडू आणि परीक्षा, एवढाच आम्हां विद्यार्थ्यांचा समज. तो चुकीचा आहे, हें आमच्या नाणेघाटच्या सहलीनें माझ्या प्रत्ययास आणून दिलें. आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट शिकविली. तिच्याविषयींच येथें चार शब्द लिहावयाचे आहेत.

शनिवारीं मुरबाड तालुक्यांतील वैशाखरे गांवाजवळून आम्ही चढावयास आरंभ केला. कोंकणांतील बंदरांचा माल ज्या वाटेनें जुन्नरच्या पेठेस जात असे, तीच ही दगडी वाट. माथ्यानजीक खडकांत कोरलेलें एक लेणें आहे. त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपींत व प्राकृत भाषेंत, सातवाहन राणी नागनिका हिचा म्हणून ओळखला जाणारा, सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचा लेख आहे. यज्ञांत दिलेल्या दानांची ती यादी आहे: गाई, घोडे, हत्ती, रुप्याचीं भांडीं, कार्षापण नाणीं, आणि त्यांच्या संख्या अंकांनीं कोरलेल्या. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८७६ सालीं या अंकांवर निबंध प्रसिद्ध करून विद्वानांचें लक्ष तिकडे वेधलें.

येथें जगांतील पहिलें शून्य पाहावयास मिळणार, अशी आमच्यापैकीं बहुतेकांची समजूत होती. एकानें तर त्यावर वाटेंतच भाषण तयार केलें होतें. परंतु आमचे गणिताचे शिक्षक शांतपणें म्हणाले, “येथें शून्य नाहीं.” आमचे चेहरे उतरले. मग त्यांनीं लेखांतील ६,००१ कार्षापणांचें उदाहरण घेतलें. ही संख्या लिहितांना आपण मध्यें दोन शून्यें देतों. लेखांत मात्र चिन्हें दोनच: एक सहा हजारांचें, दुसरें एकाचें. २४,४०० साठीं तीन: वीस हजार, चार हजार आणि चारशें. दहा, शंभर व हजार यांचीं चिन्हें निरनिराळीं. चारशें लिहावयाचे तर शंभराच्या चिन्हास चाराचें चिन्ह जोडावयाचें. स्थानावरून किंमत ठरतच नव्हती. मग रिकाम्या स्थानाची खूण कशाला हवी?

शून्यासह गणित करण्याचे नियम ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्यें सांगितले. कंबोडियांतील एका शिलालेखांत इ. स. ६८३ चें, तर ग्वाल्हेरच्या देवळांत इ. स. ८७६ चें शून्य आढळतें. म्हणजे नाणेघाटापासून तेथवर कित्येक शतकांची वाट आहे.

कोणी म्हणतील, अशा चिकित्सेनें देशाभिमान उणा होतो. मला तसें वाटत नाहीं. पूर्वजांनीं जें केलें नाहीं तें त्यांच्या पदरीं बांधणें हा त्यांचा गौरव नव्हे; उलट, मधल्या शतकांत ज्यांनीं खरोखर श्रम केले त्यांचे श्रम पुसून टाकणें आहे. जो अभिमान पुराव्यास भितो, तो अभिमान नव्हे, हट्ट होय.

रात्रीं घाटघर गांवीं मुक्काम करून रविवारीं सकाळीं, प्रार्थना आटोपल्यावर, आम्ही पुन्हां लेण्यांत गेलों. आमच्यांतील एकानें आपलें नांव लिहिण्यासाठीं कोळसा हातीं घेतला. शिक्षकांनीं रागें न भरतां विचारलें, “या राणीनें आपण काय दिलें तें येथें लिहून ठेविलें. तूं काय दिलेंस?” त्यानें कोळसा खालीं टाकला. दोन हजार वर्षें ऊन-पावसास पुरून उरलेलीं हीं अक्षरें आमच्या हातून नष्ट झालीं, तर पुढील पिढ्यांनीं पुरावा कोठें शोधावा?

म्हणून माझी नम्र सूचना आहे कीं, प्रतिवर्षीं एक तरी सहल गणितासाठीं निघावी. तींत विद्यार्थ्यांनीं पाठांतर केलेलीं भाषणें घरीं ठेवावीं आणि डोळे मात्र उघडे ठेवून निघावें. आम्ही शून्य पाहावयास गेलों होतों. तें मिळालें नाहीं. परंतु परततांना आमचे हात रिकामे नव्हते.